डेल्फ्टमधला एक आठवडा: वर्ग, वारा आणि सायकल

ऑक्टोबरच्या मध्यावरचा आठवडा मुद्दाम निवडला आहे. नेदरलँड्समधल्या टीयू डेल्फ्ट या तंत्रविद्यापीठाचं वर्ष सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतं आणि चार भागांत चालतं. परीक्षेसकट एक भाग साधारण दहा आठवड्यांचा. ऑक्टोबर अर्ध्यावर येईपर्यंत ओळखीपाळखी आणि फोटो उरकलेले असतात, असाइनमेंट अंगावर आलेल्या असतात आणि नेमकी याच सुमारास हवा फिरते. दिवस आखडतो, नैर्ऋत्येचा वारा सुटतो, पाऊस दिवसातून चारदा हजेरी लावून जातो. सप्टेंबरच्या उन्हात सायकल कुणीही चालवतं. खरी घडी बसते ती या आठवड्यात.

विद्यार्थी हायड्रॉलिक इंजिनीअरिंगच्या मास्टर्सचा धरू. पुण्या-मुंबईच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतून इकडे येणाऱ्यांत हा विषय घेणारे असतातच. खोली डेल्फ्टमध्ये नाही, राइसवाइकला. डेल्फ्टमध्ये जागा मिळणं फार अवघड झालंय, त्यामुळे राइसवाइक, हेग, स्खीडाम इथून येणारे पुष्कळ. राइसवाइक ते कॅम्पस साधारण सहा किलोमीटर, म्हणजे बेताच्या वेगाने पंचवीस मिनिटं.

सायकल सेकंडहॅण्ड, २८ इंची चाकांची, तीन गिअरची. मागचा ब्रेक पायडल उलटं दाबून लागणारा आणि पुढे हाताचा ब्रेक. हा हाताचा ब्रेक हवाच. पायाचा ब्रेक चेनवर चालतो. चेन उतरली की तो ब्रेक गेला. फक्त पायाच्या ब्रेकची सायकल पन्नास युरोत मिळत असली तरी घेऊ नये. रस्त्यात कुणी 'सायकल हवी का' म्हणून विचारलं तर सरळ पुढे जावं, ती बहुधा चोरीची असते. दुकानातून पावतीसह घ्यावी, शंभर-दीडशे युरो द्यावेत आणि फ्रेम नंबरचा फोटो काढून ठेवावा. महिन्याच्या भाड्याने हवी असेल तर निळ्या पुढच्या टायरची स्वापफीट्स आहे. ही कंपनी २०१४ मध्ये डेल्फ्टच्याच विद्यार्थ्यांनी सुरू केली. पंक्चरपासून ब्रेकपर्यंत दुरुस्ती त्यांच्याकडे असते. दोन वर्षं राहायचं असेल तर मात्र स्वतःची सायकल स्वस्त पडते.

सोमवार

पहिलं लेक्चर ८:४५ ला. वेळापत्रकातला तास इथे ४५ मिनिटांचा असतो: ८:४५ ते ९:३०, पंधरा मिनिटं सुट्टी, ९:४५ ते १०:३०, मग १०:४५ ते १२:३०, आणि दुपारी १३:४५ पासून पुढे १७:३० पर्यंत. लेक्चर ठरल्या मिनिटाला सुरू होतं. उशीर झालाच तर मधल्या सुट्टीत आत जाणं बरं दिसतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य उगवतो आठच्या पुढे. ८:०५ ला घर सोडायचं म्हणजे दिवा लावून. पुढे पांढरा किंवा पिवळा, मागे लाल. दिवे सायकलवर किंवा अंगावर चालतात, पण लुकलुकणारा दिवा नियमात बसत नाही. वाट व्लीट कालव्याच्या काठाकाठाने डेल्फ्टमध्ये उतरते. डावीकडे-उजवीकडे करत बसण्याचं कारण नाही, पाणी सोडायचं नाही एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. शहराच्या पूर्वेला ओस्टपोर्ट ही साधारण १४०० सालची जोडमनोऱ्यांची वेस लागते. डेल्फ्टच्या जुन्या वेशींपैकी एवढी एकच उरली आहे. तिच्यापुढे सेबास्तियान पूल आणि पलीकडे कॅम्पस. या वाटेवर चढ म्हणावा असा तेवढा पुलाचाच. पूल उचलता आहे. बोट आली की फाटक पडतं आणि पाचेक मिनिटं जातात. २५ मिनिटांच्या वाटेला ३५ धरायची ती यासाठी.

आपल्याकडून आलेल्याला पहिले काही आठवडे नडतं ते उजव्या बाजूने चालवणं. सरळ रस्त्यावर कुणी चुकत नाही. चूक होते ती डावीकडे वळताना आणि मोकळ्या गल्लीत शिरताना. लक्ष नसलं की सायकल आपोआप डाव्या कडेला जाते. दुसरी गोष्ट चौकाची. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतात, त्यांना इथे शार्कचे दात म्हणतात. टोकं आपल्याकडे असतील तर थांबायचं आपण. त्रिकोण नाहीत, सिग्नल नाही, बोर्डही नाही, अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती मोटार असो की सायकल. ट्रॅमचा नियम वेगळा: अशा चौकात ती कुठूनही आली तरी आधी तिची वाट मोकळी करायची. वळण्याआधी हात दाखवणं सक्तीचं आहे आणि ते मागच्याच्या फार उपयोगी पडतं, कारण सकाळच्या गर्दीत मागचं चाक आपल्यापासून जेमतेम मीटरभरावर असतं. त्याच कारणासाठी अचानक थांबू नये. रस्ता बघायचा असेल तर हात दाखवून कडेला घ्यावं.

पायाच्या ब्रेकची एक खोड आधीच शिकून घ्यावी. या सायकलवर पायडल मागे फिरवून हव्या जागी आणता येत नाही, मागे फिरवलं की ब्रेकच लागतो. म्हणून सिग्नलजवळ येताना शेवटचा ब्रेक असा लावायचा की निघताना ज्या पायाने जोर देणार ते पायडल वर राहील. जमलं नाही तर मागचं चाक किंचित उचलायचं आणि पायाने पायडल पुढे फिरवून वर आणायचं. चार दिवसांत सवय होते.

कॅम्पसवर सायकल लावताना दोन कुलुपं: मागच्या चाकातलं कडीचं, आणि जाड साखळी, जी फ्रेममधून घेऊन स्टॅण्डला अडकवायची. कडीचं कुलूप एकटं असेल तर चोर सायकल उचलून नेतो, तोडायचं काम घरी करतो. सायकल कुठल्या ओळीत लावली याचा फोटोही काढावा. शेकडो काळ्या सायकलींत आपली काळी सायकल संध्याकाळी सापडत नाही.

आठवड्याचा हिशोबही सोमवारीच मांडावा. एक क्रेडिट म्हणजे २८ तासांचं काम. वर्षाचे ६० क्रेडिट, एका भागाचे १५, म्हणजे ४२० तास. दहा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४२. त्यातले लेक्चरचे तास पंधरा-अठराच्या पुढे सहसा जात नाहीत, बाकी सगळं आपलं आपण करायचं. वेळापत्रकात मंगळवारची दुपार रिकामी दिसते ती रिकामी नसते. शनिवार सायकलला मोकळा हवा असेल तर या ४२ तासांतले निदान ३६ शुक्रवार संध्याकाळपर्यंत झालेले असावेत.

मंगळवार

पाऊस. निघण्याआधी बाउयनराडार बघायचं. ते पुढच्या दोन तासांचा पाऊस पाच-पाच मिनिटांच्या टप्प्याने दाखवतं. इथला पाऊस आपल्या आषाढासारखा दिवसभर धरत नाही, सरी येतात नि जातात. बऱ्याचदा दहा मिनिटं आधी किंवा उशिरा निघालं की कोरडं पोचता येतं. छत्री सायकलवर कुचकामी आणि पोंचो वाऱ्यात शिडासारखा फुगतो. जॅकेट आणि वरून चढवायची पावसाळी पॅण्ट हेच खरं. लॅपटॉप कॅरिअरच्या बाजूच्या वॉटरप्रूफ पिशवीत ठेवावा, पाठीवर घेतला तर पाठ घामाने भिजते आणि वर्गात तास दीड तास गारठा सोसावा लागतो.

पावसात पंक्चर जास्त होतात. ओलं रबर काचेला लवकर कापू देतं आणि वाहत्या पाण्याने बारीक काचा सायकलवाटेच्या कडेला येऊन साठतात. दुकानात पंक्चर काढायला पंधरा युरोच्या आसपास पडतात, तर किट तीन-चार युरोत येतं. तेव्हा हे काम यायलाच हवं. आपल्याकडे कोपऱ्यावरचा पंक्चरवाला मिनिटांत चाक काढतो, पण इथे मागचं चाक काढूच नये. चेन बंद पेटीत असते, पायाच्या ब्रेकचा दांडा फ्रेमला बोल्टने बांधलेला असतो, गिअरची तार आसाला जोडलेली असते. चाक जागेवर ठेवूनच काम करायचं.

सायकल उलटी करून सीट आणि हॅण्डलवर उभी करा. आधी व्हॉल्व्ह तपासा. हा व्हॉल्व्ह आपल्या जुन्या सायकलींना असतो त्याच जातीचा आहे. टोकावर थुंकीचा थेंब लावला आणि बुडबुडा आला तर पंक्चर नाहीच, फक्त आतली सळई बदलायची. बुडबुडा नाही आला तर उरलेली हवा पूर्ण सोडा, रिमवरची चकती काढा, आणि टायरची कड दोन्ही बाजूंनी दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. एवढं केलं की टायर सैल पडतो. न करताच लिव्हर घातले तर टायर निघत नाही आणि लिव्हर मोडतो. आता व्हॉल्व्हपासून लांब, दोन आऱ्यांच्या अंतराने दोन लिव्हर घालून एकच कड बाहेर काढा आणि ट्यूब त्याच बाजूने ओढा.

ट्यूब दुप्पट फुगेपर्यंत हवा भरून कानाजवळ किंवा ओल्या ओठांजवळ फिरवा. भोक कुठे आहे ते नीट बघा, कारण ते जागेवरूनच कारण सांगतं. बाहेरच्या बाजूला एक भोक असेल तर काच किंवा काटा. तो अजून टायरमध्येच रुतलेला असण्याची शक्यता मोठी. टायरच्या आतून कापडाचा तुकडा फिरवा, तो जिथे अडकेल तिथे काच. बोट फिरवू नका. शेजारी-शेजारी दोन लहान चिरा असतील तर हवा कमी होती आणि फुटपाथच्या कडेवर ट्यूब चिमटली. आतल्या बाजूला, रिमकडे भोक असेल तर आऱ्याचं टोक वर आलंय किंवा रिमची पट्टी सरकली आहे. ती नीट न करता पॅच लावला तर उद्या पुन्हा तेच.

भोकाभोवती पॉलिश पेपरने पॅचपेक्षा मोठी जागा घासा, चमक पूर्ण गेली पाहिजे. ट्यूबवर साच्याची उभी रेघ असते, ती पॅचखाली येत असेल तर तीही घासून सपाट करा, नाहीतर रेघेच्या कडेने हवा झिरपत राहते. सोल्युशनचा पातळ थर द्या आणि थांबा. पाच मिनिटं, गारठ्यात आणखी जास्त. बोटाच्या पाठीला चिकटायचं थांबलं की मग पॅच. ओल्या सोल्युशनवर घाईने लावलेला पॅच संध्याकाळपर्यंत सुटतो, आणि पंक्चर फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. पॅच मधून कडेकडे नखाने घट्ट दाबा. ट्यूब किंचित फुगवून आत घाला, व्हॉल्व्ह सरळ ठेवा, टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरून बसवायला सुरुवात करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. शेवटचा भाग अंगठ्यांनीच बसवायचा, लिव्हरने बसवताना नवं भोक पडतं. पूर्ण हवा भरण्याआधी व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून पाहा, म्हणजे ट्यूब कडेखाली अडकली असेल तर सुटते. मग चार बारच्या आसपास हवा. नेमका आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो.

पहिल्यांदा पाऊण तास लागतो, सवयीने वीस मिनिटं.

बुधवार

लेक्चर १२:३० ला संपतात. बुधवारची दुपार हेगच्या बाजाराची. हागसे मार्क्ट सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार भरतो. युरोपातल्या सर्वांत मोठ्या उघड्यावरच्या बाजारांत त्याची गणना होते. शनिवारी तिथे सायकल हातात धरूनही चालता येत नाही, बुधवारी दुपारी येतं.

इथे मेथी, कोथिंबीर, भेंडी, हिरव्या मिरच्या का मिळतात याचं कारण सुरिनाममध्ये आहे. १८७३ पासून बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या मजुरांना कराराने त्या डच वसाहतीत नेलं गेलं. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास त्यांच्या वंशजांपैकी पुष्कळजण नेदरलँड्सला आले आणि हेगमध्ये मोठ्या संख्येने वसले. ठेल्यांवर सुरिनामी नावं चालतात: सोप्रोपो म्हणजे कारलं, कौसेनबांट म्हणजे चवळीच्या हातभर शेंगा. माडाम जानेट नावाची पिवळी, सुरकुतलेली मिरची दिसायला गोंडस असते. चौघांच्या भाजीला तिचा पाव भाग पुरे. लवंगी खाणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावं.

सामान लादताना जड पिशव्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सारख्या. बटाटे एकीकडे आणि पालेभाजी दुसरीकडे असं केलं तर वळणावर सायकल ओढते. कॅरिअरवर किती किलो चालेल तो आकडा बहुधा कोरलेला असतो, २५ किलो सर्रास दिसतो. डबल सीट बसवणं इथे रूढ आहे आणि कायद्याने चालतं, पण भाजीसह डबल सीट नको.

हेगमध्ये ट्रॅमचे रूळ फार. सायकलचा टायर रुळाच्या खाचेत सहज बसतो आणि बसला की हॅण्डल हलत नाही, माणूस आडवा होतो. रूळ शक्य तितका काटकोनात ओलांडायचा. त्यासाठी आधी थोडं बाहेर घेऊन मग वळायचं. ओल्या रुळावर ना ब्रेक, ना पायडलवर जोर.

गुरुवार

या आठवड्याचा अभ्यास म्हणून सगळ्यात मोलाचा दिवस. सकाळच्या लेक्चरला पोल्डर (बांध घालून कोरडी ठेवलेली सखल जमीन) आणि बूझेम शिकवलं असेल तर ते बघायला दुपारी कॅम्पसच्या मागे जेमतेम दोन किलोमीटर जावं लागतं. स्खी कालव्याकाठच्या रॉटरडॅमसेवेखवर सायकल थांबवायची आणि दोन्हीकडे बघायचं. एका बाजूला कालव्याचं पाणी, दुसऱ्या बाजूला गवताची शेतं, आणि शेतं पाण्यापेक्षा स्पष्ट खाली.

शेतातलं पावसाचं पाणी चरांतून गोळा होतं आणि पंप ते वरच्या कालव्यात टाकतो. हे वरचे एकमेकांना जोडलेले कालवे म्हणजे बूझेम. डेल्फलंटच्या, म्हणजे डेल्फ्टभोवतालच्या प्रदेशाच्या, बूझेमची पातळी समुद्रपाटीच्या मानाने उणे ०.४३ मीटर ठेवतात. आजूबाजूचे पोल्डर त्याच्याही दोन-तीन मीटर खाली. बूझेममधलं पाणी पुन्हा मोठ्या पंपांनी समुद्रात आणि न्यूवे वॉटरवेख या रॉटरडॅमहून समुद्राला जाणाऱ्या जलमार्गात टाकलं जातं. म्हणजे पावसाचा थेंब दोनदा उचलावा लागतो. जमीन खाली का गेली, तर ती पीटची, म्हणजे पाण्यात साठलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची आहे. पाणी उपसलं की पीट वाळतं, हवा लागून कुजतं आणि खचतं. जमीन खचली की आणखी उपसावं लागतं. हे चक्र शतकानुशतकं चालू आहे आणि ते सांभाळणारी डेल्फलंटची पाणी-संस्था १२८९ पासून काम करते आहे. तिची जुनी इमारत डेल्फ्टमध्येच, औडे डेल्फ्ट कालव्याकाठी आहे. पुढच्या भागावर रंगीत दगडी ढालींची रांग दिसते तीच.

जवळच डेल्टारेस या संशोधन संस्थेचा डेल्टा फ्लूम आहे: ३०० मीटर लांब, ५ मीटर रुंद, ९.५ मीटर खोल हौद, २०१५ पासून वापरात. त्यात साडेचार मीटरपर्यंतच्या लाटा उठवून बांधाची खऱ्या मापाच्या जवळची चाचणी करतात. लहान मॉडेलमध्ये गवत, माती आणि दगडांची पकड मापाबरोबर लहान करता येत नाही, म्हणून एवढा खटाटोप. आत जायला विभागाच्या भेटीतून जाणं सोपं. सुरुवातीलाच वर्गप्रतिनिधीकडे नाव द्यावं.

गुरुवारी डेल्फ्टच्या मोठ्या चौकात आठवडी बाजार असतो. चीज घ्यायचं तर इथे. चौकातल्या गोट्यांच्या फरसबंदीवरून सायकल हाताने न्यावी.

शुक्रवार

ग्रुप प्रोजेक्टचा दिवस. मीटिंग दहाला म्हणजे दहाला, आणि कोणी काय करायचं हे लिहूनच लोक उठतात. गटातली डच मंडळी तोंडावर 'हे चुकलंय' म्हणतात, त्यात राग नसतो. आपणही तसंच सांगावं. परीक्षेची नोंदणी आपोआप होत नाही हेही आजच बघावं. मुदत परीक्षेच्या दोन आठवडे आधी संपते आणि ती चुकली की पेपर पुढच्या खेपेवर जाऊ शकतो.

संध्याकाळी सगळे बिअरला थांबतात. सायकलवाल्यालाही दारूची कायदेशीर मर्यादा आहे, ०.५ प्रोमिल (रक्तात दर हजारी अर्धा भाग), म्हणजे मोटारवाल्याइतकीच. चालवताना मोबाईल हातात धरायला १ जुलै २०१९ पासून बंदी आहे आणि दंड दीडशे युरोंच्या घरात. रस्ता बघायचा तर फोन हॅण्डलवरच्या धारकात हवा.

रात्री उद्याचा वारा बघायचा. पावसापेक्षा वारा महत्त्वाचा.

शनिवार

राइसवाइकहून स्खिपलाउडन, मासलांट, मासस्लाउस, मासलांटकेरिंग (समुद्राचा पूर अडवणारी दारं) आणि किनाऱ्यावरचं हुक फान होलंट. जाताना २८ किलोमीटरच्या आसपास, परतताना वेस्टलंटमधून वीसेक. वाट नैर्ऋत्येला जाते, म्हणजे नेहमीचा वारा जाताना तोंडावर आणि येताना पाठीशी. हेच बरं. ताजे पाय वाऱ्याविरुद्ध वापरावेत.

सपाट देशात वारा हाच घाट. शांत हवेत ताशी १५ किलोमीटरने जाताना अंगावर हवा १५ ची येते. समोरून २० चा वारा असेल आणि तोच वेग धरायचा हट्ट केला तर ती ३५ ची होते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ३५ भागिले १५, त्याचा वर्ग, म्हणजे जवळजवळ साडेपाच पट. म्हणून हट्ट करायचा नाही. पहिला गिअर, ताशी दहा-अकरा, पाय हलके आणि भरभर. बरोबर कुणी असेल तर एकामागे एक, दर दहा मिनिटांनी पुढचा मागे.

आमचा नियम असा. वारा मोजायच्या बोफर्ट मापावर ४ पर्यंत ठरल्याप्रमाणे निघावं. ५ असेल, म्हणजे ताशी २९ ते ३८ किलोमीटर, तर उलटं करावं: स्खीडामहून मेट्रोच्या बी लाईनने सायकलसह हुकला जावं आणि वाऱ्याबरोबर सायकलने परतावं. शनिवार-रविवारी मेट्रोत सायकल दिवसभर चालते. ६ च्या पुढे उघड्या बांधावर जाऊ नये. एखाद्या घराची आडोशाची भिंत संपते तिथे वाऱ्याचा झोत सायकल हातभर बाजूला फेकतो, आणि बाजूला बहुधा पाणी असतं.

रस्ता शोधायला इथे आकड्यांची पद्धत आहे. वाटांच्या जोडांना क्रमांक दिलेले असतात आणि प्रत्येक जोडावर पुढच्या क्रमांकाकडे बाण. आदल्या रात्री अॅपवर जोड निवडून क्रमांक ओळीने कागदाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहावेत आणि पट्टी हॅण्डलला पारदर्शक टेपने चिकटवावी. पावसात फोनचा टचस्क्रीन ऐकत नाही, पट्टी वाचता येते. एखादा बोर्ड निसटला तर मागे जाऊन शोधावा. अंदाजाने पुढे गेलं तर मधे कालवा आडवा येतो आणि पूल तीन किलोमीटरवर निघतो.

बरोबर दोन लिटर पाणी, डबा, पंक्चर किट, पंप, १५ नंबरचा पाना, हातमोजे. पोळीभाजीचा रोल थंड वाऱ्यात टिकतो आणि एका हाताने खाता येतो, भात नको.

स्खिपलाउडनच्या आसपास जुन्या वाफेच्या ट्रॅमची लाईन काढून तिच्या मातीच्या पट्टीवर सायकलवाट केलेली आहे, म्हणून ती इतकी सरळ. दोन्हीकडे गुरुवारच्या तासातलं सगळं उघड्यावर मांडलेलं असतं: चर, बांध, वर बूझेम, पंपाची छोटी वीटबांधणीची खोली. मासलांटपर्यंत दर फाटकाशी पातळीची मोजपट्टी बघत जावं. दोन शेजारच्या पोल्डरांत कधी अर्ध्या मीटरचा फरक असतो आणि मधला बांध जेमतेम सायकलीएवढा रुंद.

मासस्लाउसला बांधावर चढलं की एकदम न्यूवे वॉटरवेख, आणि घरांपेक्षा उंच कंटेनर जहाजं. इथपर्यंत पाणी शांत आणि खाली होतं. हे मात्र समुद्राचं, भरतीचं. पुढचे सात किलोमीटर बांधाच्या कडेने. वारा सगळ्यात जास्त इथेच लागतो. अंगात त्राण नसेल तर मासस्लाउसलाच मेट्रो आहे, लाज वाटायचं कारण नाही.

मासलांटकेरिंग म्हणजे ३६० मीटर रुंद जलमार्ग बंद करणारी दोन वळती दारं. प्रत्येक दार २१० मीटर लांब, २२ मीटर उंच. दाराला जोडलेले पोलादी बाहू ज्या गोल सांध्याभोवती फिरतात त्याचा व्यास १० मीटर आणि वजन ६८० टन. काठावर उभं राहिलं की आधी बाहूच दिसतात. दार कोरड्या गोदीत असतं. रॉटरडॅमला पाणी समुद्रपाटीपेक्षा तीन मीटर वर जाण्याचा अंदाज आला की गोदीत पाणी सोडतात, पोकळ दारं तरंगत मधोमध येतात, मग त्यांच्या पोटात पाणी भरून ती तळाच्या उंबऱ्यावर बसवतात. निर्णय संगणक घेतो. कायमचा बांध घालणं सोपं होतं, पण मग रॉटरडॅम बंदराची वाट बंद. फार वेळ मिटून ठेवताही येत नाहीत, कारण आतून ऱ्हाइनचं पाणी येतच असतं आणि ते दारामागे साठतं.

३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्रीच्या पुरात या देशात १,८३६ माणसं गेली. त्यानंतर हाती घेतलेल्या कामांच्या शेवटाला हे दार आलं, १९९७ मध्ये. वादळासाठी ते पहिल्यांदा मिटलं नोव्हेंबर २००७ मध्ये आणि नंतरही, जसं २१ डिसेंबर २०२३ ला. एरवी वर्षातून एकदा, बहुधा सप्टेंबरात, चाचणीसाठी मिटवतात. ती तारीख आधी जाहीर होते आणि हायड्रॉलिक्सच्या विद्यार्थ्याने ती चुकवू नये. उत्तर काठावरच्या केरिंगहाउस या माहितीकेंद्रात चालतं मॉडेल आहे. आधी ते बघावं, मग बाहेर येऊन दार बघावं. उलटं केलं तर नुसता पांढरा लोखंडी सांगाडा दिसतो.

हुकच्या किनाऱ्यावर तासभर, डबा, आणि साडेतीनच्या आत परत. वेस्टलंटमध्ये टोमॅटो, ढोबळी मिरची आणि फुलांची काचघरं मैलोनमैल आहेत. त्यांच्यामधल्या रस्त्यांना कोपरे फार आणि ट्रकही, म्हणून इथे अंधार गाठायचा नाही. पाठीशी वारा असला की तिसरा गिअर टाकून दीड तासात राइसवाइक.

रविवार

अर्धा तास सायकलला. फडक्याने कोरडी करायची. शनिवारच्या खाऱ्या वाऱ्याचा थर राहिला तर आठवड्यात बोल्ट गंजतात. चेनच्या पेटीची खिडकी उघडून चेन मधोमध वर-खाली हलवायची. एक सेंटिमीटरच्या आसपास हलली तर ठीक, दोनच्या पुढे गेली तर उतरायची भीती, आणि चेन उतरली की पायाचा ब्रेक जातो. तेल थेंबाथेंबाने, कड्यांच्या सांध्यांवर, मग वरचं पुसून टाकायचं. खाण्याचं तेल वापरू नये, ते थंडीत चिकट होऊन धूळ धरतं.

नेक्सस तीन गिअरच्या चाकात गिअर घसरत असेल तर गिअर २ वर ठेवून आसाजवळच्या इवल्या खिडकीत बघायचं. रेघ दोन खुणांच्या मधे हवी; नसेल तर तारेवरचा गोल नट फिरवून आणायची. ओढाताण न करता दोन मिनिटांत होतं. ब्रेकच्या दांड्याचा फ्रेमवरचा बोल्ट हाताने हलतो का ते दर आठवड्याला बघा. तो सुटला तर ब्रेक लावताच दांडा आऱ्यांत जातो. टायरमध्ये रुतलेल्या काचा टाचणीने काढा, हवा भरा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. सकाळच्या ८:४५ ला मग उजेड मिळतो, पण सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो आणि शेवटचं लेक्चर संपतं १७:३० ला. त्या सोमवारपासून घरी येताना रोज दिवा लागेल. बॅटरीचा एक जादा जोड पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवा.